डब्यातली ओळख : मुंबईच्या लोकलमधील एका रीतीचा इतिहास

अनोळखी माणसाशी कधी बोलावे, किती बोलावे आणि कधी गप्प बसावे याची रीत प्रत्येक मोठे शहर आपापल्या परीने घडवते. मुंबईपुरते पाहिले तर ही रीत रस्त्यावर किंवा बाजारात जितकी घडली त्याहून कितीतरी अधिक उपनगरी रेल्वेच्या डब्यात घडली, कारण एकमेकांशी नात्याचा, गावाचा वा जातीचा काहीही संबंध नसलेली माणसे रोज तास-दीड तास एकमेकांच्या इतक्या निकट आणणारे दुसरे ठिकाण या शहरात नव्हते. स्मार्टफोनने माणसे अबोल केली असे आज सर्रास म्हटले जाते. लोकलच्या डब्याचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला तर हे निदान अपुरे ठरते, कारण डब्यात गप्प बसणे फोनच्या कितीतरी आधीपासून होते आणि बोलणे फोननंतरही उरले आहे. बदलले ते वेगळेच काहीतरी, आणि ते समजण्यासाठी ही ओळख मुळात कशावर उभी होती हे पाहावे लागते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन धावली, तेव्हा तिच्याविषयी जे कुतूहल होते ते मुख्यतः वाफेच्या इंजिनाविषयी होते. एका डब्यात कोण कोणाशेजारी बसणार हा प्रश्न मात्र लगेच पुढे आला. कार्ल मार्क्सने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात हिंदुस्थानविषयी लिहिताना असे भाकीत केले होते की, रेल्वेतून उभे राहणारे उद्योग जातीव्यवस्थेच्या मुळाशी असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील. ते भाकीत त्या अर्थाने खरे ठरले नाही. रेल्वेने डब्यांची विभागणी जातीनुसार न करता भाड्यानुसार केली, आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांच्या या विभागणीतून एक नवी उतरंड तयार झाली. तरीही तिसऱ्या वर्गाच्या बाकावर शेजारी कोण बसावे हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाकडे उरला नाही, ही गोष्ट त्या काळच्या समाजात लहान नव्हती.

जॉर्ज झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ साली एक निरीक्षण नोंदवले आहे. आगगाड्या आणि ट्राम येण्यापूर्वी, एकमेकांशी एक शब्दही न बोलता मिनिटेच्या मिनिटे, तासच्या तास एकमेकांकडे पाहत बसण्याची वेळ माणसांवर कधी आलीच नव्हती, असे तो म्हणतो. युरोपातील मध्यमवर्गाने या अवघडलेपणावर जो उपाय शोधला तो वाचनाचा होता. लंडनच्या युस्टन स्थानकावर १८४८ साली डब्ल्यू. एच. स्मिथ यांचे पुस्तकांचे दुकान निघाले आणि आपल्याकडे १८७७ साली अलाहाबादेत सुरू झालेल्या ए. एच. व्हीलरचे ठेले स्थानकास्थानकांवर पसरले, त्यामागे हीच गरज होती. म्हणजे डब्यातील माणसांपासून नजर वाचवण्यासाठी हातात काहीतरी धरणे ही सवय जवळजवळ रेल्वेइतकीच जुनी आहे. पुस्तक, वर्तमानपत्र, मग वॉकमन, मग मोबाईलवरचा एफएम रेडिओ आणि शेवटी स्मार्टफोन अशी ही एकच परंपरा आहे.

मुंबईत या परंपरेला वेगळे वळण मिळाले त्याचे कारण वेळापत्रकात आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. ती सकाळी ६.४५ ला विरारहून निघे आणि संध्याकाळी ५.३० ला परतीला लागे, म्हणजे रोजची ठरावीक वेळ आणि जाऊन परत येणारा तोच प्रवासी या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून तिच्यात होत्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेवरची गाडी धावली, १९२८ साली पश्चिमेकडील मार्गावर बोरिवलीपर्यंत वीज आली, आणि गाड्यांची संख्या वाढवणे त्यामुळे शक्य झाले. स्वातंत्र्यानंतर गिरगाव, दादर, परळ येथील चाळींमधल्या एका खोलीत न मावणारी कुटुंबे डोंबिवली, कल्याण, बोरिवली आणि पुढे वसई-विरारकडे सरकली. कचेरी मात्र फोर्टातच राहिली. कचेरीत हजेरीपट होता, उशीर झाल्यास लाल शाईचा शेरा होता, आणि खिशात महिन्याचा किंवा तिमाहीचा पास होता. या तिन्हींनी मिळून माणसाला एका विशिष्ट गाडीशी बांधून टाकले. डोंबिवलीचा नोकरदार ‘सकाळच्या गाडीने’ जात नसे. तो ‘७.५२ ने’ किंवा ‘८.१४ ने’ जाई, फलाटावर ठरलेल्या खांबापाशी किंवा चहाच्या ठेल्यासमोर उभा राही, आणि त्याच्यासमोर ठरलेल्या डब्याचा ठरलेला दरवाजा येई.

अशा रोज दिसणाऱ्या पण कधीही न बोललेल्या माणसाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७२ साली ‘परिचित अनोळखी’ असे नाव दिले. न्यूयॉर्कच्या उपनगरी फलाटांवरील प्रवाशांची छायाचित्रे काढून तीच त्यांना दाखवली असता, चेहऱ्याने ओळखीची पण कधीही न बोललेली माणसे त्यांतल्या बहुतेकांना त्यात सापडली. मिलग्रॅम यांच्या मते हे न बोलणे म्हणजे दोन्ही बाजूंनी मूकपणे पाळलेला एक करार असतो, आणि नेहमीची जागा सोडून भलत्याच ठिकाणी गाठ पडली तर तो करार सहज मोडतो. मुंबईच्या लोकलमध्येही हा करार होता, परंतु तो फार दिवस टिकत नसे. तो मोडायला भलत्या जागी भेट होण्याची गरज नव्हती. डब्यातली टंचाईच तो मोडत असे.

हे टंचाईचे कलम नीट पाहिले पाहिजे, कारण सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. पहिली टंचाई बसण्याच्या जागेची. तिघांसाठी केलेल्या बाकावर चौथ्याने टेकायचे ही मुंबईची अलिखित घटना आहे. ‘जरा सरकता का?’ असे विचारले की बसलेल्यांनी नाखुशीने का होईना पण चार बोटे सरकायचे, आणि चौथ्याने एक मांडी हवेत ठेवून प्रवास करायचा. उभ्या असलेल्याने बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ असे विचारायचे आणि उत्तर ‘घाटकोपर’ असे आले की ती जागा घाटकोपरपासून विचारणाऱ्याची झाली, हे आजूबाजूच्या सर्वांनी साक्षीदार म्हणून मान्य करायचे. दुसरी टंचाई माहितीची. ही गाडी फास्ट आहे की स्लो, दिव्याला थांबते का, दादर कोणत्या बाजूला येणार, पुढची गाडी रद्द झाली आहे काय, या प्रश्नांची उत्तरे फलाटावरच्या फलकापेक्षा शेजारच्या माणसाकडे अधिक भरवशाची असत. तिसरी टंचाई करमणुकीची. एक वर्तमानपत्र चार जण वाचत असत. घेणाऱ्याने मधले पान काढून समोरच्याला द्यायचे, शब्दकोडे कोपऱ्यातल्याला जायचे आणि उतरण्यापूर्वी सर्व पाने परत मालकाकडे यायची. १९७९ साली निघालेला ‘मिड-डे’ आणि १९९० साली निघालेले ‘आपलं महानगर’ यांसारखी दुपारची नि संध्याकाळची पत्रे परतीच्या या वाचकाच्या जोरावर वाढली. क्रिकेटचा सामना चालू असला की ज्याच्या कानाला ट्रान्झिस्टर त्याच्याकडे साऱ्या डब्याचे डोळे लागत, आणि ‘स्कोअर काय झाला?’ या प्रश्नाला परका कोणीच नसे.

ओळख सुरू होई ती अशी. ती वाढे ती मात्र निराळ्या मार्गाने, आणि या बाबतीत लोकलच्या डब्याने जे निर्माण केले त्याला जगात फारशी तोड नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. ठरलेल्या गाडीतल्या ठरलेल्या डब्यात ‘ग्रुप’ तयार झाले. चार जणांच्या मांड्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवून रमीचा आणि मेंढीकोटाचा डाव पडू लागला. भजनी मंडळे उभी राहिली. टाळ, ढोलकी आणि खड्या आवाजाचा एखादा बुवा एवढ्या सामग्रीवर, जिथे हात हलवायला जागा नाही अशा ठिकाणी, वारकरी परंपरेतील अभंग, गौळण आणि शेवटी भैरवी असा क्रम धरून कल्याण-कर्जत-कसाऱ्याकडची आणि विरारकडची मंडळे वर्षानुवर्षे गात राहिली. दसऱ्याच्या सुमारास प्रवासी स्वतः वर्गणी काढून डबा झेंडूच्या माळांनी सजवत, मोटरमनला पेढा देत, आणि जी गाडी रोज आपल्याला पोचवते तिची आयुधाप्रमाणे पूजा करत. ही प्रथा आजही चालू आहे.

महिलांच्या डब्याचा इतिहास यापेक्षाही भरघोस आहे. स्त्रियांसाठी वेगळी सोय पहिल्या विरार गाडीपासून होती, परंतु डब्याला त्याचे आजचे रूप आले ते नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय आणि कष्टकरी स्त्रियांची संख्या वाढल्यावर. ५ मे १९९२ रोजी चर्चगेटहून केवळ स्त्रियांसाठीची ‘लेडीज स्पेशल’ सुरू झाली, तोवर त्या डब्यात एक स्वतंत्र जग तयार झालेले होते. घरी पोचताच स्वयंपाकाला लागायचे म्हणून परतीच्या गाडीत मटार सोलले जात, मेथी निवडली जाई आणि शेजारची अनोळखी बाई न सांगता हात लावू लागे. फेरीवाल्या बायका टिकल्या, क्लिपा, गाऊन आणि निवडलेल्या भाज्यांच्या पिशव्या घेऊन येत. भिशी लागे, हळदीकुंकू होई, कोणाचे डोहाळजेवण, कोणाचे केळवण डब्यातच उरकले जाई, आणि अलीकडे नवरात्रात एका मराठी दैनिकाने लोकप्रिय केलेल्या नऊ रंगांच्या साड्यांनी डबा एकरंगी होऊ लागला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली असे दाखवून दिले की नोकरीची खबर माणसाला जवळच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक वेळा लागते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही बहुधा ठाऊकच असते. अशा सैल नात्यांना त्यांनी ‘दुबळे धागे’ म्हटले आणि त्यांचे बळ सिद्ध केले. महिलांच्या डब्यात कोणत्या शाळेत प्रवेश मिळेल, कोणता डॉक्टर चांगला, कोणत्या कचेरीत जागा रिकामी आहे आणि कोणाकडे लग्नाचा मुलगा आहे या खबरा ज्या वेगाने फिरत, त्या पाहता ग्रॅनोव्हेटर यांच्या सिद्धान्ताचा इतका जिवंत पुरावा क्वचितच सापडावा.

या ओळखीचे एक वैशिष्ट्य विशेष नोंदवण्यासारखे आहे. महाराष्ट्रात आडनाव सांगितले की पुष्कळदा जातही सांगितली जाते, पण डब्यात आडनाव लागत नसे. माणूस स्थानकाने ओळखला जाई. ‘बदलापूरचे काका’, ‘भाईंदरवाल्या मावशी’ एवढी ओळख दहा-दहा वर्षे पुरे. सर्वच ग्रुप असे मोकळे होते असे मात्र नव्हे. भाषेवरून, कचेरीवरून गट पडत, भजनात न मिसळणाऱ्याला कोपरा शोधावा लागे, काही गट दरवाजा अडवून ठेवत, रुमाल टाकून जागा धरत, आणि विरारच्या गाडीत चढलेल्या बोरिवलीकराला उतरू न देण्यापर्यंत मजल जाई. ग्रुपच्या सलगीची किंमत ग्रुपबाहेरचा प्रवासी मोजत असे, आणि त्या काळाच्या गोड आठवणी सांगताना हे विसरले जाते.

संकटात मात्र आतले-बाहेरचे हा भेद गळून पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, गाड्या रुळांवरच थांबल्या, आणि माणसे रोजच्या चेहऱ्यांची साखळी करून पाण्यातून चालत गेली. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतील पहिल्या वर्गाच्या डब्यांत सुमारे अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मोबाईलचे जाळे त्या संध्याकाळी कोलमडले होते, आणि रुळांलगतच्या वस्त्यांमधील लोकांनी घरातल्या चादरींच्या झोळ्या करून जखमींना उचलून नेले. दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या, आणि डब्यात न आलेल्या माणसाची चौकशी करणारे त्याचे नाव नव्हे, त्याची बसण्याची जागा सांगत होते.

मोबाईल तोवर मुंबईत दहा-अकरा वर्षे रुळलेला होता, पण तो बोलण्यापुरता होता. खरा फरक पडला तो पडद्याचा फोन आणि स्वस्त इंटरनेट एकत्र आल्यावर. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय सुरू झाले, त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. ‘एम-इंडिकेटर’ या मुंबईकराच्या फोनवर सहसा आढळणाऱ्या ॲपने गाडी कोणती, कुठे थांबते, दरवाजा कोणत्या बाजूला याची उत्तरे आधीच खिशात आणून ठेवली होती. तिकीट फोनवर निघू लागल्याने खिडकीपुढच्या रांगेतले बोलणेही कमी झाले.

वर सांगितलेल्या तीन टंचाईंपैकी दोन अशा रीतीने संपल्या. माहितीसाठी शेजाऱ्याची गरज उरली नाही आणि करमणुकीसाठी त्याच्या वर्तमानपत्राची गरज उरली नाही. ‘ही फास्ट आहे का?’ हा प्रश्न वरवर क्षुल्लक असला तरी तो मूक करार मोडण्याचा सर्वांना मान्य असलेला परवाना होता, आणि तोच नाहीसा झाल्याने पुढच्या ओळखीला दरवाजाच उरला नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना अपरिचित इमारत शोधायला सांगितले होते. ज्यांच्याकडे फोन होता त्यांना ती सहज सापडली, परंतु फोन नसलेल्यांच्या तुलनेत त्यांना इतरांशी जोडलेपण कमी वाटले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, फोन जवळ असलेल्या माणसांनी एका खोलीत वाट पाहत बसलेल्या परक्याकडे पाहून कमी वेळा स्मित केले असे आढळले. शिकागोच्या निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली तेथील उपनगरी गाडीतील प्रवाशांवर केलेला प्रयोग अधिक बोलका आहे : परक्याशी बोलावे लागले तर प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता, पण प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितले गेले त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा सुखाचा झाला. शिकागोच्या गाडीत प्रत्येकाला बसायला जागा असते आणि मुंबईच्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसे उभी राहतात, त्यामुळे ते निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. माणूस परक्याच्या सोबतीचा अंदाज कमी बांधतो, एवढा त्यातला गाभा मात्र इथेही लागू पडावा.

जुने ग्रुप फोनमुळे मोडले नाहीत, हेही तितकेच खरे आहे. उलट ते व्हॉट्सॲपवर गेले आणि अधिक घट्ट झाले. गाडीच्या वेळेचेच नाव असलेल्या या समूहांत आधीच्या स्थानकावरून ‘गाडी सुटली’, ‘दहा मिनिटे लेट’ असे निरोप येतात, रजेवर असलेला सभासदही सकाळी डब्यातल्या गप्पांत असतो. घट्ट झालेल्या गटात नव्या माणसाचा शिरकाव मात्र अवघड होतो. पूर्वी भजनाच्या शेजारी रोज उभा राहणारा नवखा महिन्याभरात टाळ धरू लागे. आज ज्याचा नंबर ग्रुपमध्ये नाही त्याला ग्रुप आहे हेच कळत नाही. फोन हा नेहमी भिंतच ठरला असेही नाही. नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ साली आणलेला लुडोचा खेळ एकाच फोनवर चौघे जण खेळताना दिसतात, आणि सामन्याच्या दिवशी एका पडद्यावर चार माना वळतात. एकट्याने रात्री प्रवास करणाऱ्या स्त्रीला घरच्यांशी जोडून ठेवणारा आणि नको असलेल्या सलगीपासून नजर वळवण्याचे निमित्त देणारा फोन हा तिच्या दृष्टीने मोठा लाभ आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

या सगळ्यावर कोविडच्या साथीचा घाव पडला. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि सामान्य प्रवाशाला ती निर्वेधपणे मिळायला २०२१ चा ऑगस्ट उजाडला, तोही दोन लसमात्रा घेतलेल्यांसाठी. मधल्या काळात काही जण निवृत्त झाले, काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींची कचेरी घरात आली आणि कामाच्या वेळा सैल झाल्या. ठरावीक गाडीचे बंधन ज्याच्यावरून उठले त्याचा ग्रुपही सुटला. डब्यातली ओळख कमी होण्याचे अर्धे श्रेय तरी या सैल झालेल्या वेळांकडे जाते, सारे खापर स्मार्टफोनवर फोडता येत नाही.

उरलेली टंचाई, म्हणजे जागेची, कोणत्याही ॲपने संपवलेली नाही. म्हणून कानात इयरफोन असलेला तरुणही आज दुसऱ्याला हात लावून ‘दादर?’ असे विचारतो आणि डोळ्यांनी उत्तर घेतो. लोकलमधील परक्यांचा संवाद आज मुख्यतः एवढ्यावर उरला आहे. तो पूर्वीच्या मानाने दरिद्री झाला आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

या जुन्या संवादाचे साक्षीदार, म्हणजे १९६० ते १९९० या काळात रोज कल्याण-कर्जत-विरारहून येजा केलेले नोकरदार, गिरणी कामगार, परिचारिका, शिक्षिका आणि फेरीवाल्या बाया, आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. भजनी मंडळांच्या अभंगांच्या वह्या, दसऱ्याच्या वर्गणीचे हिशेब, डब्यात काढलेले समूहाचे फोटो आणि भिशीच्या डायऱ्या त्यांच्या कपाटांत असतात व घर बदलताना रद्दीत जातात. मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि स्थानिक ग्रंथालयांनी ही साधने गोळा करण्याचे आणि या माणसांच्या तोंडून त्यांच्या गाडीची हकिगत ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम आताच हाती घ्यावे, आणि ज्या वाचकांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये.